मला टेकून बसणारी आई

मित्रांनो, दचकू नका, हा खडखडाट माझाच आहे. मी एक जुनं वॉशिंग मशीन, बाथरूमच्या दारालगतच्या कोपऱ्यात उभा असतो. माझा रंग मूळचा पांढरा. आता त्याला पांढरा म्हणायचं ते केवळ माझा मान राखून.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला आकार मिळाला, पोटात ढोल बसला, तोंडाला काचेचं गोल दार लागलं. मग दुकानात कित्येक दिवस येणारा-जाणारा माझं दार उघडून आपटून बघत असे. एकदा एक जोडपं आलं. नवरा दुकानदाराशी बोलत होता आणि बायको खाली मांडी घालून माझी नळी कुठून कुठे जाते ते बघत बसली होती. दुकानदाराला हसू आलं. मला मात्र ती बाई तिथल्या तिथे आवडून गेली.

तीच या घरातली आई. इमारतींमधल्या पाण्याच्या नळांचे आराखडे काढणं हे तिचं काम, आणि ते ती घरी बसूनच करते. माझ्याबरोबर आलेलं माहितीपत्रक तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. असं भाग्य आमच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आईची कपडे धुण्याची रीतही वेगळीच. मानेशी टोचणारी लेबलं ती नवा कपडा घरात येताच कापून टाकी. लोक रंगावरून कपडे वेगळे करतात, ती हात फिरवून करी. मऊ कपडे मऊ कपड्यांबरोबर, खरखरीत खरखरीतांबरोबर. त्यामुळे एकदा शाळेचा पांढरा सदरा लाल मोज्यांसोबत माझ्या पोटात आला, कारण दोन्हींचं सूत सारखंच मऊ होतं. तिची मुलगी दुसऱ्या दिवशी गुलाबी सदरा घालून शाळेत गेली आणि वर्गभर मिरवून आली. मुलीचं खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. बाबा जहाजावर नोकरीला असतात, म्हणून वर्षातला बराच काळ घरात आई, भिंगरी आणि मीच.

आई ऑटिस्टिक आहे. म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. मोठे आवाज, भगभगीत दिवे, एकाच वेळी बोलणारी चार माणसं यांनी तिचा जीव मेटाकुटीला येतो. ठरलेली गोष्ट ऐनवेळी बदलली की ती पार गोंधळून जाते. लोक अर्धं बोलतात आणि उरलेलं समजून घे म्हणतात, ते तिला जमत नाही. हे सगळं कशामुळे होतं, ते भिंगरी झाल्यानंतर एका डॉक्टरांनी तिला सांगितलं. तोवर ती स्वतःलाच बोल लावत होती.

भिंगरीचे न संपणारे प्रश्न, शाळेची घाई, वरच्या मजल्यावरची ठोकाठोक. दमली की आई माझ्या अंगाला पाठ टेकून फरशीवर बसायची. कपडे पिळायला लागलो की मी सगळा थरथरतो. इतर घरांत त्याबद्दल आम्हाला शिव्या खाव्या लागतात. इथे ती थरथर आईच्या पाठीत उतरे आणि तिचे आखडलेले खांदे हळूहळू सैल होत. भिंगरी येऊन विचारी, "आई, झालं का तुझं चार्जिंग?"

"अजून थोडं."

मग तीही शेजारी टेकून बसे. फार सुखाचे दिवस होते ते.

मग आई आजारी पडली. ना ताप, ना खोकला. डॉक्टरांनी त्याला नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या आणि गुण यायला वेळ लागेल असं बजावलं. आई भिंगरीला शाळेत सोडायची, आणायची, जेवू घालायची आणि उरलेला वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भिंगरीचं करण्यातच तिची ताकद संपून जाई. धुतलेले कपडे माझ्या पोटात तसेच राहू लागले, त्यांना कुबट वास यायला लागला. मला फार वाईट वाटे. पण कपडे वाळत घालणं काही माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत.

आईची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची मावशी, अधूनमधून येई. बाई मायाळू, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. "एवढी शिकलीस, नोकरी करतेस, तू कसली ऑटिस्टिक? मन घट्ट कर जरा." एक दिवस तिला भिंगरीच्या सदऱ्याचा वास आला आणि ती म्हणाली, "हे बघ, पुढच्या वेळी असंच दिसलं ना, तर भिंगरीला मी माझ्याकडे घेऊन जाणार. पोरीचे हाल मला बघवत नाहीत."

भिंगरी माझ्या आडोशाला उभी राहून सगळं ऐकत होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मावशी येणार होती. आई अंथरुणातच होती. मशीन लागलं की आई बरी होते, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. कपड्यांची पावडर संपलेली. मग तिने भांडी घासायच्या साबणाची बाटली माझ्यात पूर्ण रिकामी केली, आपला एक फ्रॉक टाकला आणि बटण दाबून आईकडे पळाली.

"आई, मशीन लावलंय! चल ना, टेकून बस. लवकर बरी हो, मावशी येतेय."

मित्रांनो, त्या साबणापुढे माझं काही चालेना. पावडरीच्या खणातून, दारातून, जिथून वाट मिळेल तिथून फेस बाहेर आला. आई भिंतीला धरत माझ्यापर्यंत पोहोचली, तोच मावशी दारात येऊन ठेपली.

"अगं बाई! हे काय करून ठेवलंय? पोरगी घसरली असती म्हणजे? मी आजच घेऊन जाते तिला!"

"मी नाही येणार!" भिंगरी रडायला लागली. "मी नीट लावलं होतं!"

आईने दोन्ही हातांनी कान झाकले आणि ती फेसातच मला टेकून बसली. मावशीचं चालूच होतं. "मी म्हटलं होतं ना, काही लागलं तर सांग म्हणून? एकदा तरी सांगितलंस?"

तेवढ्यात फेसाने माझा ढोल अडला आणि मी गप्प झालो. आई हळूहळू बोलली. "काही म्हणजे काय, ते मला कळत नाही, ताई. तू गेलीस की मी विचार करत बसते. मला सगळंच लागतं. सगळं कसं सांगू?"

मावशीही चपला काढून ओल्या फरशीवर बसली आणि हलक्या आवाजात तिने विचारलं, "कपडे मी धुवायला नेऊ?"

"हो."

"रात्रीचं जेवण पाठवू?"

"हो. रोज एकच भाजी चालेल."

"गप्पा मारायला येऊ?"

"नको."

मावशीचा चेहरा पडला. तरी तिने विचारलं, "भिंगरीला नेऊ?"

"नको. तिला मी बघू शकते. बाकीचं नाही जमत."

"बरं बाई," मावशी डोळे पुसत म्हणाली. "डबा ठेवून मुकाट्याने जाईन."

आईने भिंगरीला मांडीवर घेतलं. दोघींच्या केसांना फेस लागला होता. "मी आजारी आहे, ती तुझ्यामुळे नाही," आई म्हणाली. "आणि मला बरं करणं तुझं काम नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, मावशी आहे."

"मग माझं काम काय?"

आईने तिच्या केसांतला फेस पुसला. "शाळेत जायचं. खेळायचं. आणि मला प्रश्न विचारायचे, पण एका वेळी एकच."

आई अजून पूर्ण बरी झालेली नाही. काही दिवस चांगले जातात, काही अंथरुणातच जातात. भिंगरी मात्र इथेच आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यात भांड्यांचा साबण कधी घालू नका. आणि तुमच्या घरातलं कोणी मोठं माणूस असं पडून असेल, तर ते तुम्ही मोठ्या कोणाला तरी नक्की सांगा. ओझं एकट्याने उचलू नका. त्या माणसाजवळ बसावंसं वाटलं, तर जरूर बसा. त्याला बरं करायला नको, नुसतं बसा.