काचेपलीकडे मावशी

टेक पहिला

*लंबू तारेत अडकला.*
*तारेवर ऊ*

"थांबा, थांबा. खुर्ची कुरकुरतेय," हेडफोनमध्ये निर्मातीबाई म्हणाल्या.

खुर्ची नव्हे, माझा गुडघा. लढाईवरून आल्यापासून तो आपला आपणच हलतो. मी त्यावर तळहात दाबून धरला. रेडिओ केंद्रातली ही खोली एवढी बंद की स्वतःचं रक्त ऐकू येतं.

"आणि एक गंमत! लंबूच्या आईलाच बोलावलंय आम्ही."

काचेपलीकडे मावशी. डोक्यावर हेडफोन, म्हणजे माझा आवाज थेट तिच्या कानात. बाईंनी तिला बोलायचं बटण दाखवलं.

"किती वाळलास रे! बायको जेवायला घालते की नुसती कविता ऐकते?"

लंबू माझ्याच तुकडीतला; तो गेल्याचं सांगायला तिच्या घरी मीच गेलो होतो. मावशी, त्याला काही कळलंच नाही, एका क्षणात गेला, असं म्हणालो. त्या एका वाक्यावर ती आजवर उभी आहे.

कवितेत ते वाक्य नाही. ती कविता माझ्या पोटात राहीना म्हणून इकडे रेडिओवर पाठवली. मावशीच्या घरी रेडिओ नाही, हे आधी बघून घेतलं होतं.

टेक दुसरा

*लंबू तारेत अडकला.*
*तारेवर ऊन.*
*मग संध्याकाळ.*
*मग शांतता.*

"अहो, मधल्या ओळी गाळल्यात. जीव तिथेच तर आहे कवितेचा!"

"त्या नकोत, बाई."

"लोकांना युद्ध कळायला नको?"

"कुठल्या ओळी रे?" मावशी.

"काही नाही गं. उगाच शब्दाला शब्द लावलाय."

टेक तिसरा

*तारेवर ऊन.*
*तारेवर ऊन.*
*तारेवर*

"बाई, पाया पडतो. राहू द्या."

ध्वनिमुद्रकाने मान खाली घातलेली.

मावशीने बटण दाबलं. "एका क्षणात गेला म्हणालास ना? मग हे ऊन कुठून आलं? संध्याकाळ कुठून आली?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"बोल की, मेल्या."

"मावशी, घरी चल. घरी सांगतो."

"घरी येऊन पुन्हा तेच सांगशील. वाच."

टेक

*लंबू तारेत अडकला,*
*दोन्ही हातांनी आपलं पोट सावरत.*
*तारेवर ऊन.*
*आम्ही खंदकात, हाकेच्या अंतरावर.*
*डोकं वर काढेल तो मरेल*
*म्हणून कुणी काढलं नाही.*
*आधी त्याने आमची नावं घेतली.*
*मग पाणी मागितलं.*
*मग गोळी मागितली.*
*मग नुसतं*
*आई*

"ओ."

मी कागदावरून वर पाहिलं. मावशीचं बोट बटणावर. डोळे माझ्याकडे नाहीत, काचेकडेही नाहीत.

*आई*

"ओ. आले रे, आले."

बाई तिचा हात बटणावरून काढू पाहतायत. हात निघत नाही. ध्वनिमुद्रकाने यंत्र थांबवलंय की चालूच ठेवलंय, कळायला मार्ग नाही.

कागदावर ही हाक दोनदाच आहे. खालची ओळ संध्याकाळची. ती वाचली की तो गप्प होणार. त्या दिवशी झाला तसाच. मी कागद पालथा घातला.

*आई*

"ओ, बाळा."

*आई*

"ओ."

*आई*