पाच वर्षांच्या बोलीवर

शालनबाईंनी सुंभाचं एक टोक खुंटीला बांधलं आणि दुसरं हातात धरून त्या माळावरून चालत गेल्या. दोर ताणला तिथं वाकून त्यांनी दगड ठेवला. मग सुपातली चुन्याची फक्की चिमटीनं सोडत दोरालगत मागं आल्या. रेघ थोडी वाकडी आली होती. त्यांनी ती पायानं पुसली आणि पुन्हा ओढली.

"दहा बाय बारा," त्या म्हणाल्या. "अशा पाच खोल्या. मधली तुमची."

उद्धवराव उकिडवे बसून जमीन बघत होते. त्यांनी मुरुमाचा एक खडा उचलला, बोटांनी चुरला आणि मान हलवली. पाया धरेल अशी जमीन होती.

सन चोपन्नची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रेल्वेलाईन आणि मुंबईच्या सडकेच्या मधला तो नऊ गुंठ्यांचा तुकडा पिंपरी गावात कुणी जमिनीत धरत नसे. कुसळाखेरीज तिथं काही उगवत नव्हतं. शालनबाईंचे यजमान गेले तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या आणि पदरी मूलबाळ नव्हतं. थोरले दीर सोपानराव यांनी वाटणी करताना नदीकाठची काळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि हा माळ भावजयीच्या नावे लावून दिला. वाईट वागवलं असं कुणी म्हणालं नसतं. गोठ्यामागची एक खोली, दोन वेळचं जेवण आणि वर्षाची दोन लुगडी त्यांना मिळत होती. त्याबद्दल त्या पहाटेपासून त्या घरात राबत होत्या.

मग पेनिसिलिनची कंपनी आली. परगावची माणसं ट्रंका घेऊन स्टेशनावर उतरू लागली आणि गावातल्या आळीआळीतून खोली विचारत फिरू लागली. गोठे झाडून भाड्यानं दिले गेले, तरी माणसं उरतच होती. त्या माळालाही गिऱ्हाईक आलं. पुण्याचा एक ठेकेदार सोपानरावांच्या ओसरीवर दोनदा येऊन बसून गेला. विकून टाकावं आणि पैसा घरात ठेवावा, असं सोपानरावांचं मत होतं. शालनबाई आत भाकरी थापता थापता सगळं ऐकत होत्या.

उद्धवराव त्यांना विहिरीवर भेटले होते. भूमकडचा हा माणूस मूळचा गवंडी. भावांत घराची वाटणी झाली, वाट्याला एक भिंत आली, तेव्हा बायकोला घेऊन ते इकडं निघून आले आणि कंपनीत लागले. दोन महिने दोघं एका आडोशाला पोती लावून राहत होती. शालनबाईंनी पोहरा काठावर ठेवला आणि मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट प्रथमच बोलून दाखवली. जागा आपली, बांधकाम ज्यानं त्यानं स्वखर्चानं करायचं. पाच वर्षं भाडं नाही. पाच वर्षांनी खोली शालनबाईंची. पुढं राहायचं तर भाड्यानं राहावं, नाहीतर जावं.

उद्धवरावांनी दुसऱ्या दिवशी आणखी चार कुटुंबं आणली. शाळेच्या मास्तरांनी कागद लिहिला.

सोपानरावांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, हसले. ही परगावची माणसं चार पत्रे उभे करतील, फुकट राहतील आणि पाच वर्षांनी तुला उकिरडा देऊन जातील, नाहीतर जाणारच नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. तसं झालं तर काय, हेही त्यांनी विचारलं. शालनबाईंनी पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं बघत सांगितलं,

"तर तुमी म्हणाल तिथं अंगठा देते, भावजी."

त्यानंतर दर दुपारी, घरचं आवरलं की, त्या माळावर जाऊन बसू लागल्या. सोपानरावांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. चौघांनी मातीच्या भिंती उचलायला घेतल्या, त्याही बेताच्या. सोडून जायच्या घराला कोण किती करणार? उद्धवरावांनी मात्र कमरेइतका पाया खणला. दिघीच्या बाजूनं बैलगाडीतून काळा दगड आणला. शिफ्टवरून आले की डबा बाजूला ठेवून ते थापी हातात घेत. सिंधी कॅम्पातल्या वखारीतून त्यांनी जुन्या सागाची एक चौकट मिळवली आणि ती बसवायला दोन रविवार घेतले.

शालनबाईंनी एकदा न राहवून विचारलं, एवढं कशासाठी?

उद्धवराव ओळंब्याची दोरी डोळ्यांसमोर धरून उभे होते. ती स्थिर होईपर्यंत ते बोलले नाहीत.

"पाच वर्षं का होईना, राहणार आम्हीच ना, आक्का. अन् भिंत वाकडी झाली की मला जेवण जात नाही."

त्यांचं बघून बाकीच्यांनीही जरा बऱ्या भिंती घातल्या. चौघांच्याही दाराच्या पायऱ्या शेवटी उद्धवरावांनीच बसवून दिल्या.

त्या पाच वर्षांची याद पुढं शालनबाईंना कुठल्याही कारणानं येई. कंपनीचा भोंगा झाला की पाचही दारांतून एकदम धूर निघायचा. विमलबाई, उद्धवरावांची बायको, शेंगदाण्याची चटणी करायच्या आणि ती इतकी तिखट असायची की शेजारचा कोकणी फिटर ठसके देत दुसऱ्यांदा मागायचा. बायका विहिरीवरून पाणी आणताना ओळीनं यायच्या, सगळ्यांची बोली निराळी, आणि महिन्या-दोन महिन्यांत एकीचे शब्द दुसरीच्या तोंडी बसले. विमलबाईंना मुलगी झाली तेव्हा सुईणीला बोलवायला शालनबाईच पळाल्या. बारशाला नाव कुणी ठेवायचं म्हणून वाद झाला, आणि विमलबाईंनी मूल शालनबाईंच्या मांडीवर देऊन तो मिटवला. गोठ्यामागच्या खोलीत त्या फक्त झोपायला जात.

गाव त्या जागेला पाचखोल्या म्हणू लागलं. टपाल त्या नावानं यायला लागलं.

एकोणसाठच्या दिवाळीला मुदत भरत होती. त्याच सुमारास उद्धवरावांना कंपनीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. नळ होता, वीज होती. उद्धवरावांनी पाडव्यादिवशी येऊन सांगितलं की आठवड्यात खोली रिकामी करतो.

विमलबाई मात्र हलेनात. सामान बांधून झालं, बैलगाडी दारात आली, तरी त्या चुलीपाशी बसून राहिल्या. उद्धवरावांनी दोनदा हाक मारली आणि मग बाहेर जाऊन गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले. शालनबाई आत गेल्या, विमलबाईंच्या शेजारी बसल्या.

"ह्या भिंतींना माझे हात लागलेत, आक्का," विमलबाई म्हणाल्या. "पाच वर्षं लई वाटली होती तवा."

शालनबाईंनी चुलीमागच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग उठून दाराशी गेल्या आणि उद्धवरावांना म्हणाल्या, की राहा. भाडं नको. कागद त्या फाडून टाकतील.

उद्धवरावांनी मान खाली घातली.

"नको, आक्का. तुमच्या दिरांनी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं, ते आम्हाला ठाव आहे. ते खरं व्हायला नको."

त्यांनी कुलूप आणि किल्ली शालनबाईंच्या हातावर ठेवली. विमलबाई बाहेर आल्या. मुलगी गाडीत बसायला मिळालं म्हणून खूश होती. गाडी सडकेला लागेपर्यंत शालनबाई पायरीवर उभ्या होत्या. मग त्यांनी केरसुणी घेतली. झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी सगळी खोली झाडली.

बाकीचे चौघे भाड्यानं राहिले. मधल्या खोलीसाठी सोपानरावांनी स्वतः होऊन भाडेकरू आणला. कचेरीतला कारकून होता, नीटनेटका, आगाऊ भाडं द्यायला तयार. सोपानराव आता हसत नव्हते. जेवताना त्यांनी दोनदा म्हटलं, की शालननं डोकं चालवलं. हिशेब आपण बघू, असंही म्हणाले.

शालनबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"ती खोली द्यायची न्हाई," त्या म्हणाल्या.

कुणाला ठेवली आहे, असं जाऊबाईंनी आतून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे शालनबाईंनी शेणकूर केलं, पाणी भरलं, चूल पेटवून दिली. मग गोठ्यामागच्या खोलीतून आपली पत्र्याची पेटी उचलली, वर दोन घोंगड्या ठेवल्या आणि जाऊबाईंच्या पाया पडून भर आळीतून निघाल्या. चावडीपाशी बसलेली माणसं बोलायची थांबली. एकट्या विधवा बाईनं नांदतं घर सोडून वेगळं राहायचं, हे गावानं अजून पाहिलं नव्हतं. पेटी जड होती. दोन ठिकाणी टेकवावी लागली.

चार दिवस सोपानराव घराबाहेर पडले नाहीत असं लोक सांगत. गावात बोलायचं ते बोललं गेलं. पाचखोल्यांतल्या बायकांनी शालनबाईंना पहिले दोन दिवस चूल पेटवू दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही, स्वतःपुरत्या दोन भाकरी थापल्या आणि दार उघडं ठेवून जेवल्या. कुणाचं जेवण व्हायचं आहे हे बघत आता थांबायचं नव्हतं. घास हातात धरून त्या जरा वेळ तशाच बसल्या.

पाचव्या दिवशी सकाळी सोपानराव आले. डोक्याला पटका, हातात काठी. पायरीपाशी येऊन थांबले. हात त्यांनी सागाच्या चौकटीवर ठेवला, दगडाचा सांधा काठीच्या टोकानं चाचपून पाहिला. घरी चल म्हणायला आले होते, हे चेहऱ्यावर दिसत होतं. शेजारच्या दारांतल्या बायका आत सरकल्या.

शालनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. वीस-बावीस वर्षं दिरांसमोर बोलताना नजर भिंतीकडं असायची, तशी ती आज गेली नाही.

"बाहीर का, भावजी? या की."

सोपानराव जरा थबकले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, वहाणा पायरीखाली काढल्या आणि डोकं किंचित वाकवून आत आले. शालनबाईंनी घोंगडी अंथरली, तांब्या पुढं ठेवला.

त्या "बसा" म्हणेपर्यंत ते उभेच राहिले.