मनसारामचा देव

मनसाराम माझा नवरा. त्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. मूल गावापासून आलापल्लीपर्यंत नाटकाच्या प्रत्येक पोस्टरवर ते माझ्या फोटोपेक्षा मोठं असतं. त्याच्या अर्ध्या नाटकांत देव शेवटच्या अंकात धावून येतो, उरलेल्या अर्ध्यांत नायक देवाला लाथाडतो. लोक विचारतात, "भाऊ, तुमी देवाले मानता का नाई?" तो म्हणतो, "तिकीट काढा, मंग समजन."

घरातही तेच. मी दिवा लावते, तो वात सरळ करून देतो, पण हात काही जोडत नाही.

यंदा त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात दाराबाहेर बसून मी चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलले: याला वाचव, हा स्वतःच्या तोंडानं तुला आई म्हणून हाक मारील. तो वाचला. मी नवसाचं सांगितलं, तर गडी भडकलाच.

"मले न विचारता माह्या तोंडाचा नवस?"

"तुमी बेशुद्ध होते. कोणाले विचारू?"

"इतके वर्षं देवाचे डायलॉग लिहून राह्यलो, प्रेमिला. एकडाव तरी त्यानं माही चूक काढली का? आहे का नाई, मले मालूमच नाई. खोटी हाक मी नाई मारत."

मी पुष्कळ भांडले. खरं म्हणजे घाबरले होते. देवीला दिलेला शब्द फिरला आणि उद्या याला काही झालं तर?

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत रंगमंचासमोर खड्डा असतो, त्यात प्रॉम्प्टर बसतो. आम्ही नट आज या गावी, उद्या त्या गावी. तालमीला वेळ कुठला? खड्ड्यातून जे येईल ते बोलायचं, डोकं चालवायचं नाही. मूलजवळच्या एका गावात आमच्या प्रॉम्प्टरचा, देवानंदचा, घसा बसला, म्हणून मनसारामच खड्ड्यात उतरला. मी नाटकातली म्हातारी आई. मुलगा आजारी, म्हणून देवीपुढे पदर पसरते.

पदर पसरला. खालून आवाज आला, "आई महाकाली..."

"आई महाकाली!" मी ठणकावून म्हटलं.

"तू आहेस का नाई, मले मालूम नाई."

हे नाटकात नव्हतं. तरी सवयीनं बोलून गेले.

"पण माही बायको तुह्यापुढं खोटी पडू नये."

मी तोंड उघडलं आणि थबकले. म्हातारी आई 'माही बायको' कशी म्हणेल? ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. खाली पाहिलं. त्यानं नाटकाची वही मिटून ठेवली होती, आणि तो माझ्याकडे नाही, माझ्यामागच्या पडद्यावर रंगवलेल्या देवीकडे बघत होता.

मी रडले. नाटकातलं नाही, खरंखुरं. मंडपभर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काय अभिनय करते बाई!

टाळ्या थांबल्या तरी मी पसरलेल्या पदरानंच डोळे पुसत राहिले. खड्ड्यातून दबका, चिडका आवाज आला, "फेडला ना तुहा नवस? आता पुढचं बोल. पब्लिक वाट पाहून राह्यली."