सोनौलीला अडलेली गाडी

पौर्णिमाने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि चिरलेलं वांगं पाण्यात सोडलं. वर्धेच्या नालवाडीपासून हजारभर किलोमीटर लांब, नेपाळच्या सीमेवर सोनौलीला, तिचा नवरा ओरडत होता.

"फक्त एक चिठ्ठी पायजे! तुया सहीची. तिचा अन् आधार कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. पाच मिनटाचं काम हाय."

"कायची चिठ्ठी?"

"अवं, गाडी तुया नावावर हाय ना! मालकाची परवानगी दाखवा म्हणते इथला बाबू. तवाच गाडी पलीकडं सोडते म्हणे."

गाडी घेतल्यापासूनच्या नऊ वर्षांत प्रफुल्लच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं. एरवी 'मायी गाडी' याखेरीज दुसरा शब्द नाही. सरकारी नोकरीत असताना स्वतःच्या नावावर गाडी घेतली की लोकांच्या डोळ्यांत येते, म्हणून क्वार्टरमधल्या सगळ्या शहाण्यांप्रमाणे त्यानेही ती बायकोच्या नावावर घेतली होती. घेतली आणि विसरून गेला.

आणि तयारी म्हणाल तर काय वर्णावी! दोन महिने हॉलच्या भिंतीवर आशियाचा नकाशा. कोणी चहाला आलं की त्याला नकाशापुढे उभं करायचं आणि बोट फिरवायचं. औंदा लुंबिनी, पुढच्या वर्षी म्यानमारवरून थेट थायलंड. स्वतःच्या गाडीनं सीमा ओलांडणं म्हणजे काय असतं, हे वर्धेत कोणालाच समजत नाही, असं तो दूधवाल्यालाही ऐकवायचा. एकेका कागदाला प्लास्टिक चढवून घेतलं होतं. त्यातल्या पहिल्याच कागदावर कोणाचं नाव आहे, तेवढं वाचायचं राहिलं. वा रे आंतरराष्ट्रीय प्रवासी!

खरं तर हा प्रवास पौर्णिमाच्या आईसाठी ठरला होता. धुरपताबाई मूळची अल्लीपूरची, आता लेकीकडेच राहायची, वय अठ्ठ्याहत्तर. छप्पन साली बापाचं बोट धरून ती नागपूरला दीक्षेला गेली होती. तेव्हापासून मनात एकच होतं, बुद्ध जन्मले ती जागा डोळ्यांनी बघायची. 'तुमाले मी नेतो, आई,' असं प्रफुल्लने सगळ्यांदेखत म्हटलं होतं. म्हातारीने पांढरं लुगडं धुऊन, घडी करून पिशवीत ठेवलं होतं.

मग निघायच्या आठ दिवस आधी प्रफुल्लच्या ऑफिसातल्या रूपराव साहेबांना यायची लहर आली. साहेब, साहेबांच्या बाई आणि साहेबांचा मेहुणा हिरालाल. प्रफुल्ल निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण साहेब दिसले की त्याची कंबर अजून आपोआप वाकायची. त्याने एका दमात हो म्हटलं.

"आईले घडीघडी बाथरूमले थांबा लागते," तो पौर्णिमाला म्हणाला होता. "इंटरनॅशनल प्रवासात असं चालत नाई. अन् तू तरी आईले सोडून कशी येशीन?"

पहिल्या दिवशी त्याने पाठवलेल्या फोटोंत साहेब अकरा वेगवेगळ्या ढाब्यांवर बाथरूममधून बाहेर येत होते. साहेबांना साखरेचा आजार होता.

"ऐकून राह्यली ना तू?" फोन पुन्हा ओरडला.

"ऐकून राह्यली."

"मंग लिव्ह ना! सकाळपासून उनात उभे हावो. साहेबाइसमोर इज्जत जाऊन राह्यली मायी."

पौर्णिमाने हात पुसले. फ्रिजवर पॅड होतं, पेन होतं. हे काम खरोखर पाच मिनिटांचं होतं. तिने पॅड खाली घेतलं, 'मी, गाडीची मालक' एवढं लिहिलं आणि थांबली. आई पिशवीतलं लुगडं काढून परत पेटीत ठेवत होती ती सकाळ तिला आठवली. 'असू दे व, म्हाताऱ्या मानसाचं काय,' आई म्हणाली होती, आणि हसली होती. पौर्णिमाने पेनाला टोपण लावलं.

फोनवर खरखर झाली आणि नवा आवाज आला. गोड, तुपात घोळलेला.

"नमस्कार वहिनी. रूपराव बोलतो. तेवढी चिठ्ठी पाठवून द्या बरं. आमचा खोळंबा झाला."

पंधरा वर्षं या माणसाने तिच्या हातचा चहा वर न बघता घेतला होता. आज वहिनी! तिला त्याची कीव आली, आणि नवऱ्याची किळस.

"त्याइले फोन द्या," ती म्हणाली.

"हा, बोल. लिवली?"

"चिठ्ठी नाई येत. मालक येते."

"कोन मालक?"

"मी. आईले घेऊन. नागपूरवरून गोरखपूरची रेल्वे हाय. परवा सकाळी तिथं पोचतो. तोवर खोली करून राहा, अन् मागची सीट रिकामी ठेवा."

"अन् साहेब? साहेबाइले काय बसनं पाठवू?"

"पाठवा. इकडं आईले घरी बसवलंच ना तुमी? तवा नाई गेली कोनाची इज्जत?"



"बरं," प्रफुल्ल म्हणाला. आवाज अगदी लहान होता. साहेबांशी बोलताना तो असाच लहान व्हायचा.

तिने फोन बंद केला, लिहिलेला कागद फाडला आणि तत्काळची दोन तिकिटं काढली. मग मागच्या अंगणात गेली. धुरपताबाई उन्हात पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला कमी ऐकू यायचं. घरातला गलका तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

"जावयाचा फोन होता ना? काय म्हने?"

पौर्णिमा तिच्याजवळ टेकली. सगळं सांगायचं ओठांवर आलं होतं.

"सीमेवर थांबले म्हने," ती मोठ्याने म्हणाली. "तुयासाठी. रेल्वेनं ये म्हने, तिथून आपल्या गाडीनं लुंबिनीले जाऊ."

म्हातारीचे हात थांबले.

"मायासाठी थांबला?"

"हो."

धुरपताबाईने पदराने डोळे पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले.

"लय गुनाचा हाय व तो," ती म्हणाली. "तूच त्याले उगीच बोलत राह्यतं."

"हो व माय," पौर्णिमा म्हणाली, आणि परातीतल्या मूठभर शेंगा घेऊन सोलू लागली.