अकरा ब्लाउज आणि एक इंच

स्पंदनाने हाती घेतलेला एकही प्रोग्राम आजवर तडीस गेला नव्हता. बन्नूरच्या बसची वेळ सांगणारं अॅप केलं, तर ते बस निघून गेल्यावर जागं व्हायचं. वाणसामानाची यादी करणारं केलं, त्यात तांदूळ दोनदा यायचे. लॅपटॉप म्हणजे नुसतं अर्धवट कामांचं गाठोडं! पण बीसीएच्या शेवटच्या वर्षाला सरांनी अट घातली: खऱ्या माणसांनी महिनाभर वापरलेला प्रोग्राम दाखवा, नाहीतर मार्क विसरा. मग मात्र पोरगी कंबर कसून कामाला लागली.

खरी माणसं शोधायला लांब जायला नको होतं. चामराजपुरम भागात घरचंच शिवणकामाचं दुकान. अम्मा, म्हणजे वसंता, पडद्याआड बायकांची मापं घ्यायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. अप्पा, म्हणजे रंगराव, बेतायचं टेबल सोडून यायचे, आकडा वहीत लिहायचे आणि परत कात्री धरायचे. सव्वीस वर्षं दिवसाला पन्नास खेपा. गुडघ्यांची पार वाट लागली होती. स्पंदनाने वही कपाटात ठेवली आणि फोन घेऊन पडद्याशी बसली. अम्मा सांगेल ते ती टाइप करायची, आणि टेबलावरच्या स्क्रीनवर माप हजर. रंगरावांना जागचं हलायला नको. लेकीने सुख दिलं म्हणून ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, आणि स्पंदनाही मनातून फुलून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काहीतरी पुरं झालं होतं.

त्याच आठवड्यात, स्क्रीनवरच्या मापाने एकही कापड बेतलं जायच्या आधी, येलवाल गावच्या अंबुजाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. त्या दुकानाच्या फार जुन्या गिऱ्हाईक. घरातल्या बायकांचे मिळून अकरा ब्लाउज शिवायला आले. रविवारी लग्न, शुक्रवारी दुपारी कपडे न्यायचे, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी इस्त्री करण्याआधी वसंताने सवयीने एका ब्लाउजला टेप लावला आणि ती थबकली. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. अकराच्या अकरा ब्लाउज तिने घेतलेल्या मापापेक्षा छातीत आणि कमरेत एकेक इंच कमी!

भर मांडवात अकरा ब्लाउजांचे हुक लागणार नाहीत, आणि नाव कुणाचं जाणार? अप्पांचं. सव्वीस वर्षांत ज्यांचं शिवलेलं कापड कुणी परत आणलं नव्हतं, त्यांचं. स्पंदनाने लॅपटॉप उघडला आणि दोन तास एकेक ओळ तपासली. अम्माने सांगितलेला आकडाच आत गेला होता आणि तोच बाहेर आला होता. प्रोग्राम बिचारा धुतल्या तांदळासारखा. तिने तसं येऊन सांगितलं, तेव्हा वसंता आणि रंगराव एकमेकांकडे बघतच राहिले.

गोष्ट अशी होती. दुकान इवलंसं, बाकावर नेहमी चारपाच जणी बसलेल्या. पडद्याआडचा आकडा सगळ्यांच्या कानी पडायचा. म्हणून कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये यासाठी वसंता प्रत्येकीचं छाती-कमरेचं माप एक इंच कमी सांगायची, आणि रंगराव लिहिताना तो इंच मुकाट्याने भरून टाकायचे. नवराबायकोत यावर कधी चकार शब्द झाला नव्हता, मग लेकीला कोण सांगणार? वहीतलं माप खरं असायचं, तसं स्क्रीनवरचंही खरंच असणार असं समजून रंगरावांनी बेतलं होतं.

नशीब, शिवणीत आत जादा कापड सोडायची त्यांची सवय होती. तिघंही उसवायला बसली. कोणी कोणाला बोल लावला नाही. सहा ब्लाउज उसवून झाले, आणि अंबुजाबाई ठरल्यापेक्षा दोन तास आधीच दारात!

टेबलभर उसवलेले ब्लाउज, दोऱ्यांचे ढीग. अंबुजाबाईंचा चेहरा उतरला. स्पंदना उठली. खरं सांगावं, तर या बाईला इतकी वर्षं आकडा कमी करून सांगितला जात होता हे उघडं पडणार.

"चूक माझी आहे, मावशी. माझ्या प्रोग्रामने एक इंच कमी धरला."

पहिल्यांदाच पुरं झालेलं काम तिने आपल्याच तोंडाने खोटं पाडलं होतं. अंबुजाबाई बाकावर टेकल्या आणि हसल्या.

"त्या प्रोग्रामला कशाला बोल लावतेस गं? माझ्या घरी टेप नाही होय? वसंता आकडा कमी सांगते, हे मला कधीपासून ठाऊक आहे. मागे आजारपणात गोळ्यांनी मी सुजले होते बघ. इथे आले, तर बाकावर आमच्याच ओळखीच्या बायका. चाळीस भरणार हे मला माहीत होतं. वसंताने एकोणचाळीस सांगितलं. आणि ब्लाउज अंगाला अगदी बरोबर बसला. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर रडले. वाटेत इतके शिंपी सोडून मी उगाच इथवर येते होय?"

मग त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, एक ब्लाउज मांडीवर ओढला आणि त्याही उसवायला लागल्या.

स्पंदनाला राहवलं नाही. "अप्पा," ती म्हणाली, "तुमच्या खेपा वाचवल्या असं मला वाटत होतं. तुम्ही काय करत होतात ते मी कधी बघितलंच नाही."

"मलाही कुठे वाटलं मी काही करतोय," रंगराव म्हणाले. "आकडा ऐकायचा, लिहायचा. हात आपोआप चालायचा."

वसंताने मान वर केली नाही. ती दोरा ओढतच बोलली, "सव्वीस वर्षांत बोलले नाही, ते आज बोलते. तुम्ही लिहायला होतात, म्हणून मला कमी सांगता आलं. फार उपकार आहेत हो तुमचे."

रंगरावांनी हुक लावायला सुई उचलली, पण काही केल्या त्यांना दोरा ओवेना. स्पंदनाने त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.