बारक्याच्या दोन काचा

आपल्या माणसाची काच आपण रंगवायची नाही, हा लॅबमधला नियम ताईनेच नव्या पोरींना दटावून दटावून शिकवला होता. आणि आज तिनेच तो धाब्यावर बसवला. सख्ख्या भावाच्या गाठीचा तुकडा तपासणीच्या काचेवर समोर आल्यावर तो दुसऱ्या कुणाच्या हाती कसा देववणार?

भाऊ प्लंबर. सहा फूट उंच, पण घरात अजून बारक्याच. आतड्यात गाठ निघाली तेव्हा ताईने त्याला समजावलं होतं, की अशा गाठीत बऱ्याचदा थायमिडिन फॉस्फोरायलेज नावाचं एक एन्झाइम असतं. पेशींचा डीएनएसाठीचा कच्चा माल ते तोडतं, आणि त्यातूनच गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या ओढल्या जातात.

"म्हणजे बिनपरवाना नळजोड घेतलाय म्हण की बयेनं!" असं म्हणून बारक्या स्वतःच खो खो हसला होता. त्याला हव्या होत्या फक्त घरी घ्यायच्या गोळ्या. सलाईन लावून दर पंधरवड्याला दवाखान्यात पडून राहायचं, तर कामं कोण करणार? गोळ्या की सलाईन, हे डॉक्टरबाई काचेचा रंग बघून ठरवणार होत्या. कुठल्या रंगाला गोळ्या, हे मात्र ताईने विचारलंच नव्हतं.

एन्झाइम असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे निळं. प्रत्येक रुग्णाच्या काचा दोन, दोन्हींवर त्याच गाठीचा काप. पहिलीवर एन्झाइमला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा थेंब टाकायचा. दुसरीवर तो टाकायचाच नाही. ती पडताळणीची, निळीच राहायला हवी. सकाळभर ताई मनात घोकत होती, निळी येऊ दे, निळी येऊ दे. आणि मायक्रोस्कोपखाली पहिली काच अगदी स्वच्छ निळी निघाली! ताईचा जीव भांड्यात पडला. दुसरी काच बघायचं भानही तिला राहिलं नाही. तिने आधी फोन लावला.

"बारक्या, नाहीये रे तुझ्यात ते एन्झाइम!"

"नळ तुटला म्हणजे? शाब्बास!"

मग ती डॉक्टरबाईंना सांगायला गेली. त्यांचा चेहरा मात्र ऐकून उतरला. "अरेरे. मग गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. सलाईनच लावू."

"अहो, पण ते एन्झाइम वाईट ना?"

"वाईटच. पण गोळी पोटात जाते तेव्हा जवळजवळ निरुपद्रवी असते. गाठीत हेच एन्झाइम तिचं विष करतं. तेच नसेल तर करणार कोण?"

ताईच्या डोक्याचा पार भुगा झाला. जे गाठीला पोसतं, तेच गाठीला मारायला मदत करतं? मग सकाळभर आपण मागत तरी काय होतो? नको म्हणावं तर औषध जातं, हवं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच गोंधळात ती जागेवर परतली आणि सवयीने तिचा हात दुसऱ्या काचेकडे गेला.

तपकिरी. चांगली गडद.

असं कसं होईल? या काचेवर तर अँटिबॉडी टाकलीच नव्हती... आणि मग तिच्या लक्षात आलं. थेंब चुकीच्या काचेवर पडला होता. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण बारक्याच्या गोळ्या गेल्या असत्या. ती तशीच उठली आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला आणि नव्या दोन काचा चष्मेवालीकडे दिल्या. ही ताईच्याच हाताखाली तयार झालेली पोर.

"ताई, तुम्ही बाहेर बसा," चष्मेवाली म्हणाली, अगदी ताईच्याच सुरात. ताई निमूटपणे बाकावर जाऊन बसली. आता निळंही मागवेना आणि तपकिरीही मागवेना.

चार वाजता चष्मेवाली बाहेर आली. पहिली तपकिरी, दुसरी निळी.

"बारक्या, सकाळी मी चुकले रे. एन्झाइम आहे. भरपूर आहे."

"म्हणजे वाईट?"

"गोळ्या मिळतील तुला."

"म्हणजे चांगलं! अगं, मग रडतेस कशाला?"

"मला कळत नाहीये रे. खरंच कळत नाहीये."

"हे बघ, बयेच्याच नळातून तिला औषध पाजायचं. एवढंच ना?"

"हो."

प्लंबरच तो, विचारल्याशिवाय राहणार थोडाच.

"नळ केवढा आहे गं?"

"मोठा आहे रे," ताई म्हणाली. यावर चांगलं की वाईट, हे मग दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.