विभावरीची रायफल

कॉलेजात विभावरी एनसीसीत होती आणि रायफलवर तिचा नेम पक्का होता. पुढे नोकरी, लग्न, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात औषध कारखान्यातलं काम यात ते सुटलं ते सुटलंच. चाळिशीला आल्यावर एका मैत्रिणीबरोबर ती इथल्या नेमबाजी क्लबात सहज म्हणून गेली आणि मग दर शनिवारी जायला लागली.

स्वतःची रायफल घ्यायची तर गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, परवाना हवा. त्यासाठी क्लबाचं सभासदत्व, हाताळणीचं प्रशिक्षण, डॉक्टरांकडे चौकशीला संमती, घरात भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी, एवढं सगळं लागतं. तेही तिने जमवलं. आता चांगली ओळख असलेल्या दोघांनी तिच्याबद्दल खात्री द्यायची होती. एक नाव क्लबातून मिळालं. दुसऱ्यासाठी ती शेजारच्या ब्रीडाकडे गेली. ब्रीडा निवृत्त नर्स, सत्तरीची. दोघींचं येणंजाणं चांगलं होतं.

बंदुकीचं नाव निघताच ब्रीडाने चहाचा कप खाली ठेवला.

"तुला इथे भीती वाटते का गं?" तिने विचारलं.

विभावरीला हे अपेक्षित नव्हतं. स्वसंरक्षणासाठी इथे परवाना मिळतच नाही, असं सांगून ती मोकळी झाली असती. पण ब्रीडाने विचारलं होतं ते वेगळंच.

"कधीकधी वाटते," ती म्हणाली. "मागे बसस्टॉपवर काही पोरं मागे लागली होती, घाणेरडं बोलत होती. पण रायफल त्यासाठी नकोय. नेम धरला ना, की माझं डोकं शांत होतं."

ब्रीडाने लगेच हो म्हटलं नाही. शनिवारी ती स्वतः क्लबात आली, कानांवर आवाज अडवणारे मफ्स लावून मागे बाकावर बसली. विभावरी चटईवर पालथी पडून सावकाश एकेक गोळी झाडत होती. परतताना ब्रीडा गाडीत म्हणाली की कंटाळा आला बाई, आमचा गोल्फही यापेक्षा बरा. नाव खुशाल दे माझं.

सोमवारी विभावरी बसमधून उतरली तर ब्रीडा कुत्र्याला घेऊन स्टॉपवर उभी. याला फिरवायचंच असतं, म्हणाली. मंगळवारीही होती. दोघींचं घरी एकत्र चालत जाणं तेव्हापासून रोजचंच झालं.

पुढे एक तरुण गार्डा तिजोरी बघायला आला. जिन्याखालच्या कपाटात ती भिंतीला नीट बोल्ट केलेली होती. त्याने हलवून पाहिली, "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणाला, आणि विभावरीने केलेले कांदेपोहे मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्ले.

परवाना आला त्या शनिवारी वारा फार होता. विभावरीचे पहिले तीन नेम चुकले. तिला हसू आलं, आणि तिने चौथी गोळी भरली.